दिवे, मोटर आणि आवाजासह: घालून वावरता येईल असं शिरस्त्राण घरी कसं बनवावं

कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठी, शिरस्त्राण बनवायला घेतलं की बहुतेकांची सुरुवात बाहेरून होते. चित्रं जमवली जातात, रंगाची नेमकी छटा शोधली जाते, डोळ्यांतला उजेड किती निळा हवा यावर तासन्‌तास विचार होतो. आतली जागा मात्र उरेल तेवढी. मग शेवटी पंखा बसत नाही, सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी लहान मोटर) कानशिलाला टोचते, चष्मा आत जात नाही आणि इतक्या मेहनतीची वस्तू फोटोपुरती चढवून पुन्हा फडताळावर जाते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी डोकं, श्वास आणि नजर, मग यंत्रणा, आणि सगळ्यात शेवटी रंग.

नमुना म्हणून पूर्ण चेहरा झाकणारं शिरस्त्राण धरू या: उजळणारे दोन डोळे, मोटरने वर जाणारा मुखवटा, आत पंखा आणि एक लहान स्पीकर. यातलं काही नको असेल तर गाळा. क्रम तोच राहील. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. हे वेशभूषेचं शिरस्त्राण आहे, अपघातात डोकं वाचवणारं हेल्मेट नव्हे. दुचाकीवर ते कधीही घालू नका.

मोजमाप

भुवयांच्या थोडं वरून टेप फिरवून डोक्याचा घेर घ्या. प्रौढांमध्ये तो साधारण ५४ ते ६० सेंटिमीटर भरतो. पण एवढ्या एका आकड्यावर शिरस्त्राण बनत नाही. भिंतीला डोकं टेकवून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर, कानांसकट रुंदी, हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ही मापंही लिहून ठेवा. चष्मा असेल तर तो घालूनच मोजा.

या मापांत बाजूंना आणि वर २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा धरा. चेहऱ्यासमोर निदान ४० मिलिमीटर लागतात, कारण पंखा, काच, दिव्यांच्या पट्ट्या सगळं तिथेच येतं, आणि नाकाच्या टोकाला काहीही लागलं तर पाच मिनिटांत जीव नकोसा होतो.

आता मानेचं भोक. चित्रात छान दिसणाऱ्या कित्येक शिरस्त्राणांची मान डोक्यापेक्षा अरुंद असते, तेव्हा ते एकसंध घालताच येत नाही. जाड पुठ्ठ्याची पट्टी वाकवून, ठरवलेल्या मापाचं कडं करा आणि ते डोक्यावरून गळ्यापर्यंत उतरवून पाहा. कानांवर अडकलं तर शिरस्त्राणाचा मागचा भाग वेगळा करून चुंबकांनी बसवायचा, हा निर्णय आजच घ्या. कवच तयार झाल्यावर तो घेतला तर सगळे सांधे उसवावे लागतात.

थ्रीडी प्रिंटची तयार फाइल वापरणार असाल तर ती कोणाच्या तरी दुसऱ्याच डोक्याच्या मापाची असते हे लक्षात असू द्या. अख्खं शिरस्त्राण छापण्याआधी डोळ्यांच्या पातळीवरचा फक्त १० मिलिमीटर उंचीचा आडवा काप छापा आणि तो डोक्याभोवती धरून पाहा. थोड्याशा फिलामेंटमध्ये (प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेत) माप बरोबर की चूक ते कळतं.

फोम की प्रिंट

ईव्हीए फोम (व्यायामाच्या चटयांत असतो तसा रबरासारखा स्पंज) हलका असतो, पडला तरी फुटत नाही आणि कटरने कापता येतो. थ्रीडी प्रिंटला धारदार कडा आणि अचूक समरूपता मिळते, पण वजन वाढतं आणि घासकाम खूप. शिवाय प्रिंटला सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेला मुखवटा वाकडा होऊ शकतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं. कागदी साच्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू चढवायची जुनी पद्धतही आहे. कवच मजबूत होतं, पण रेझिनची वाफ आणि काचतंतूंची धूळ राहत्या घरात पहिल्याच प्रयोगाला आणू नये, असं माझं मत आहे.

माझी शिफारस मिश्र बांधणीची. कवच फोमचं, बिजागरीचे कंस, सर्वोच्या बैठका आणि डोळ्यांच्या चौकटी मात्र कडक, म्हणजे छापलेल्या किंवा ३ मिलिमीटर प्लास्टिक शीटमधून कापलेल्या. सर्वो मोटर थेट फोमवर चिकटवली तर मुखवटा उचलताना फोमच दबतो आणि मुखवटा जागचा हलत नाही. मुख्य कवचाला ८ ते १० मिलिमीटर जाडीचा फोम घ्या, वरच्या थरांना ४ ते ६ मिलिमीटर, आणि बारीक नक्षीला २ मिलिमीटर.

साचा, कापणी, जोडणी

थर्माकोलच्या डोक्यावर कापड किंवा फोम गुंडाळून ते तुमच्या घेराचं करा आणि त्यावर मोकळ्या जागेइतका थर आणखी चढवा. त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म घट्ट लपेटा आणि वरून मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या. आता मार्करने कपाळापासून मानेपर्यंत मध्यरेषा ओढा आणि एकाच बाजूला सगळे भाग आखा. दुसरी बाजू आखू नका. तोच साचा उलटा करून वापरला तरच दोन्ही बाजू सारख्या येतात. प्रत्येक रेषेला आडवे छेद देऊन जुळणीच्या खुणा करा, मग टेप रेषांवरून कापून साचे सपाट करा. एखादा तुकडा सपाट व्हायला तयार नसेल तर तिथे पाचर कापावी लागेल. सपाट झालेले साचे पुठ्ठ्यावर उतरवा.

फोम कापताना पात्याची धार हीच सगळी गोष्ट आहे. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं, आणि ओरबाडलेली कड कितीही गोंद लावला तरी सांध्यात दिसते. कटरचं टोक सारखं मोडत राहा. एका दमात आरपार कापायचा अट्टहास नको. पहिल्या हाताला रेघ, दुसऱ्याला खोली. जिथे दोन तुकडे काटकोनात मिळायचे आहेत तिथे दोन्ही कडा ४५ अंशांत तिरप्या कापा.

तुकडे कापून झाले की हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) फिरवा. फोमच्या पृष्ठभागावर हलकी चकाकी आली की छिद्रं मिटली असं समजायचं. तेवढ्यात पुढे सरका. एकाच जागी थांबलात तर फोम आक्रसतो. गरम असतानाच तुकडा हाताने वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवा, तो बाक कायम राहतो.

जोडणीला कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटं, थांबायचं आणि मग जोडायचं. ओला असतानाच जोडला तर सांधा घसरतो. एकदा टेकलं की मागे फिरणं नाही, म्हणून मधल्या खुणेपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. खिडक्या उघड्या ठेवा. याच्या वाफा पेट घेतात, म्हणून गोंदाचा डबा उघडा असताना हीट गन बंद.

मुखवटा कवचापासून वेगळा कापण्याची घाई करू नका. आधी पूर्ण कवच एकसंध जोडा, चोवीस तास राहू द्या, मग मुखवट्याची रेषा आखून नव्या पात्याने कापा. वेगवेगळे बनवून जुळवलेल्या दोन भागांमधली फट कधीच एकसारखी येत नाही. एकातून कापलेली येते.

सांध्यांच्या फटी लवचीक ॲक्रिलिक सीलंटने भरा आणि ओल्या बोटाने सपाट करा. वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. फोमची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. एन९५ मास्क लागतोच. प्रिंट असेल तर १२०, २२०, ४०० असा चढता क्रम, मधूनमधून पुट्टी आणि फिलर प्रायमर. पीएलएवर इलेक्ट्रिक सँडर जोरात दाबला तर प्लास्टिक वितळून पेपरला चिकटतं. पाणी लावून हाताने घासा.

बिजागरीची जागा

मुखवटा वर जाताना कपाळावर घासतो की नाही हे बिजागरी कुठे आहे यावर ठरतं, आणि ती जागा अंदाजाने सापडत नाही. कवच बाजूने बघून त्याची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर उतरवा. मुखवट्याचा भाग वेगळा कापा, मूळ जागी ठेवा आणि कानशिलाजवळ टाचणी रोवून फिरवा. मुखवट्याची वरची कड कपाळाच्या घुमटात घुसत असेल तर टाचणी थोडी वर किंवा मागे सरकवून पुन्हा फिरवा. एक जागा अशी सापडते की कड घुमटाला न टेकता वरून निघून जाते. तीच जागा कवचावर दोन्ही बाजूंनी उतरवा. उजवी-डावी बिजागरी एकाच आडव्या अक्षावर असली पाहिजे. एक सळई दोन्ही भोकांतून आरपार घालून खात्री करा. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही मुखवटा तिरका उचलतो आणि एका सर्वोवर सगळा भार टाकतो.

मोटर पुरेल का, याचा हिशोब सोपा आहे. मुखवट्याचं वजन किलोत आणि त्याच्या गुरुत्वमध्याचं बिजागरीपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि गुणाकार करा. ८० ग्रॅमचा फोमचा मुखवटा ८ सेंटिमीटरवर म्हणजे ०.६४ किलो-सेंटिमीटर. घर्षण धरून दुप्पट करा, १.२८. एमजी९०एस ही धातूच्या दातऱ्यांची लहान सर्वो ४.८ व्होल्टवर सुमारे १.८ किलो-सेंटिमीटर जोर देते, आणि आपण दोन लावणार आहोत, म्हणजे निर्धास्त. हाच मुखवटा प्रिंटचा, २०० ग्रॅमचा आणि १० सेंटिमीटरवर असेल तर नुसता भारच २ किलो-सेंटिमीटर होतो. तिथे मोठी सर्वो घ्या किंवा मुखवटा आतून पोखरून हलका करा.

सर्वोचा हात (तिच्या दांड्यावरची फिरणारी पट्टी) मुखवट्याला स्क्रूने पक्का करू नका. हाताच्या टोकाला आणि मुखवट्याच्या आत निओडायमियम चुंबकांची जोडी बसवा. मोटर चालू असताना चुंबक मुखवटा धरून ठेवतात. वीज गेली, मोटर अडकली, तर मुखवटा हाताने ओढला की सुटतो आणि दातऱ्याही मोडत नाहीत. आत माणसाचा चेहरा आहे, म्हणून मला ही सोय ऐच्छिक वाटत नाही. मुखवटा वर गेल्यावर टेकतो तिथेही एक चुंबक द्या. त्याने भार पेलला की सर्वोला सतत जोर लावून गुणगुणत बसावं लागत नाही. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या एका बाजूला मार्करने ठिपका द्या. उलटा चिकटलेला चुंबक इपॉक्सीतून काढणं फार त्रासाचं.

डोळे

माणसाला आडव्या दिशेत १८० अंशांहून थोडं जास्तच दिसतं. बारीक फटींच्या शिरस्त्राणात त्यातला लहानसा तुकडा उरतो, आणि पायाखालचं तर जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून आकृतीत काळी दिसणारी प्रत्येक जागा नजरेसाठी वापरा: डोळ्यांच्या खालची खाच, गालावरची जाळी, हनुवटीखालची फट. तिथे बाहेरून काळ्या दिसणाऱ्या पातळ जाळीमागून आश्चर्य वाटावं इतकं दिसतं.

दिवे आणि नजर यांत खरी अडचण अशी की बुबुळासमोर एलईडी लावला तर समोरचं काही दिसत नाही, आणि आत उजेड असेल तर गडद काचेतून तुमचा चेहरा बाहेरच्यांना दिसतो. आरशासारखी फिल्मसुद्धा आत अंधार आणि बाहेर उजेड असेल तेव्हाच काम करते. उपाय हा: दुधी ॲक्रिलिकची किंवा २ मिलिमीटर पांढऱ्या फोमची पट्टी डोळ्याच्या आकाराच्या फक्त वरच्या अर्ध्या भागात बसवा, तिच्यामागे एलईडी बाहेरच्या दिशेने लावा, आणि त्यांच्या पाठीवर आधी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, तिच्यावर काळा टेप असे दोन थर द्या. खालच्या अर्ध्या भागात गडद पारदर्शक फिल्म, तिच्यातून तुम्ही बघायचं. दोन पावलांवरून पूर्ण डोळा उजळलेला वाटतो. अंधाऱ्या खोलीत शिरस्त्राण घालून दिवे लावा; आत कुठेही उजेडाची रेघ दिसली तर ती आत्ताच बंद करा.

काचेसाठी ०.५ ते १ मिलिमीटर जाडीचं पीईटीजी शीट घ्या. ते हीट गनने सहज वाकतं. ॲक्रिलिक थंड असताना वाकवलं तर तडकतं. काचेच्या आसपास सुपरग्लू अजिबात वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुरकट छटा सोडते. लहान स्क्रू किंवा दुहेरी टेप बरा, म्हणजे ओरखडे पडलेली काच बदलताही येते.

हवा

उच्छ्वास दमट आणि उबदार असतो. तो काचेवर थांबला की धुकं आणि अंगभर घाम. पंखा नुसता आत फिरता ठेवून उपयोग नाही, हवेला यायची आणि जायची वाट लागते. ३० किंवा ४० मिलिमीटरचे ५ व्होल्टवर चालणारे दोन पंखे घ्या. एक हनुवटीच्या बाजूने ताजी हवा आत ओढून काचेच्या आतल्या अंगावर फेकणारा, दुसरा मागे, टाळूजवळ, गरम हवा बाहेर टाकणारा. बाहेर टाकणाऱ्या भोकाचं क्षेत्रफळ पंख्याएवढं तरी असू द्या. पात्यांवर जाळी हवीच, लांब केस असतील तर विशेष. पंख्याला रबराच्या तुकड्यांवर बसवलं की त्याची थरथर कवचात घुमत नाही. काचेला आतून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पसरून कोरड्या मऊ कापडाने पुसला की बराच वेळ धुकं धरत नाही.

पंख्यांचा स्विच कंट्रोलरवर, म्हणजे दिवे आणि मोटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या बोर्डवर, अवलंबून ठेवू नका. त्यांना थेट वीज द्या. प्रोग्रॅम अडकला तरी श्वासाची हवा चालू राहिली पाहिजे.

वीज

सुट्या लिथियम सेलपेक्षा पॉवर बँक घ्या. तिच्यात जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण असतं. तिची जागा कमरेला, डोक्याला लागून कधीच नाही. केबल मानेमागून वर आणा आणि मानेजवळ सहज सुटणारा जोड द्या. केबल कशात अडकली तर मान ओढली जाऊ नये.

आता बेरीज करू. डोळ्यांत मिळून दहा पांढरे एलईडी, प्रत्येकी १० मिलीअँपिअर, म्हणजे १००. दोन पंखे साधारण ३००. कंट्रोलर म्हणून आर्डुइनो नॅनो हा लहान बोर्ड, २० ते ३०. आवाज वाजताना काहीशे. आणि दोन सर्वो, अडकल्या तर प्रत्येकी ७०० ते ८००. सगळं एकाच क्षणी आलं तर दोन अँपिअरच्या पुढे. म्हणून ३ अँपिअर देऊ शकणारी पॉवर बँक हवी, आणि वाटेत त्याच बेताचा फ्यूज.

पॉवर बँकेवर १०,००० मिलीअँपिअर-तास लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. ५ व्होल्टवर, रूपांतरातली घट धरून, हातात साधारण ६,००० ते ६,५०० येतात. सरासरी ६०० मिलीअँपिअर खर्चाला ते दहा तास. अनेक पॉवर बँका फार कमी वीज ओढली गेली की आपोआप बंद होतात. पंखे सतत चालू असल्याने आपल्याला ती अडचण येत नाही.

केबलकडे मात्र नीट लक्ष द्या. २८ गेजच्या बारीक वायरचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. कमरेपासून डोक्यापर्यंत एक मीटर जायची, एक मीटर यायची, आणि २ अँपिअर ओढले तर वाटेतच सुमारे ०.८५ व्होल्ट गळतात. मग मुखवटा उचलताना दिवे मंदावतात, आवाज तुटतो, कधी कंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि माणूस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. तीच लांबी २० गेजच्या जाड वायरने केली तर घट ०.१५ व्होल्टच्या आत राहते. सर्वोंच्या जवळ १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ध्रुव तपासून. सर्वोंची वीज मुख्य जोडापासून वेगळ्या वायरने न्या, कंट्रोलरच्या बोर्डातून नाही. निगेटिव्ह मात्र सगळ्यांचं एकत्र जोडलेलं हवं, नाहीतर सर्वोला सिग्नल कळतच नाही आणि ती झटके देत राहते.

साध्या एलईडीला रेझिस्टर (वीज मर्यादेत ठेवणारा छोटा भाग) अनिवार्य. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट पडतात, ५ व्होल्टांतले उरतात १.८. भागिले ०.०१ अँपिअर, म्हणजे १८० ओहम. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट, उरतात ३, म्हणजे ३०० ओहम, ३३० चालेल. प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर द्या. रंग बदलणारे डब्ल्यूएस२८१२बी एलईडी वापरणार असाल तर एकेक दिवा पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलीअँपिअरपर्यंत ओढतो. प्रोग्रॅममध्येच तेज एक तृतीयांशावर आणा आणि डेटाच्या वायरमध्ये ३३० ओहम घाला.

सोल्डरिंग

सगळं आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पट्टीवर), टेबलावर चालवून बघा. तासभर चालू ठेवा, मुखवटा वर-खाली करा, हात लावून काय तापतंय ते पाहा. मगच सोल्डरिंग.

सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा. टोकाने वायर आणि पट्टी दोन्ही तापवा आणि सोल्डर टोकाला नाही, तापलेल्या जोडाला लावा. ते स्वतःहून पसरतं. चांगला जोड चकचकीत आणि कडेला उतरता दिसतो. गोळी होऊन बसलेला, मळकट जोड हालचालीत सुटणार हे नक्की. प्रत्येक जोडावर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि ती सोल्डर करण्याआधी वायरमध्ये सरकवून ठेवायला विसरू नका. वीज जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये बीप येत नाही याची खात्री करा.

मुखवट्याकडे जाणारी वायर प्रत्येक उघडझापीला वाकते. ती सिलिकॉन आवरणाची, बारीक तारांची घ्या, बिजागरीच्या अक्षाजवळून न्या आणि तिथे ढिला फेर ठेवा. दोन्ही बाजूंना वायर पक्की बांधा, म्हणजे ताण सोल्डरच्या जोडावर येत नाही. मुखवटा, कवच आणि कमरेची पिशवी यांच्यामध्ये जेएसटी जोड, म्हणजे काढता-घालता येणारे लहान प्लग, द्या. ज्या दिवशी एक सर्वो बदलावी लागेल त्या दिवशी हे जोड किती उपयोगाचे ते कळेल.

प्रोग्रॅम

प्रोग्रॅम लहानच हवा. बटण दाबलं की मुखवटा उघडा असेल तर बंद, बंद असेल तर उघडा. बंद झाल्यावर डोळे उजळवा, उघडण्याआधी मालवा. बटण हातमोज्यात किंवा हनुवटीच्या कडेला.

समोरासमोरच्या दोन सर्वो आरशातल्यासारख्या फिरतात. एक ३० वरून ९० अंशांवर जाते तेव्हा दुसरीला १५० वरून ९० वर आणायचं, म्हणजे दुसरीचा कोन १८० वजा पहिलीचा. एकदम उडी मारायला लावू नका. दर १५ मिलीसेकंदांनी एक अंश सरकवा. ६० अंशांना ०.९ सेकंद लागतो, विजेचा झटका बसत नाही आणि हालचालही भारदस्त दिसते. प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारी डिले ही आज्ञा वापरली तर तेवढा वेळ बटण आणि दिवे मुके होतात. त्याऐवजी मिलीसेकंद मोजणाऱ्या मिलिस या आज्ञेच्या घड्याळावर चाला. शेवटचे कोन मुखवटा जोडण्याआधी हाताने ठरवा. मुखवटा कवचाला टेकल्यावरही सर्वो ढकलत राहिली तर ती तापून जळते. मुक्काम आला की सर्वोला डिटॅच करा, म्हणजे तिला सिग्नल देणं थांबवा. आणि नवा प्रोग्रॅम भरताना पॉवर बँक काढून ठेवा.

आवाजासाठी कार्डावरच्या फाइल वाजवणारा डीएफप्लेअर मिनी हा लहान बोर्ड पुरेसा आहे. ३२ जीबीपर्यंतचं मायक्रो एसडी कार्ड, ३ वॉटपर्यंतचा एक स्पीकर. त्याच्या आरएक्स (सिग्नल घेणाऱ्या) पिनच्या वाटेत १ किलोओहम रेझिस्टर घातला की स्पीकरमधली गुणगुण कमी होते. स्पीकरचं तोंड बाहेर ठेवा, कानाकडे नको. स्वतःचा आवाज मोठा करून हवा असेल तर माइक आत आणि स्पीकर छातीवर किंवा कमरेला. दोन्ही शिरस्त्राणातच ठेवले तर शिट्टी वाजल्याशिवाय राहत नाही.

रंग

सगळी यंत्रणा एकदा बसवून, चालवून, मग पूर्ण काढा. रंग तेव्हाच. फोमवर आधी लवचीक रबरी कोटिंग किंवा पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे तीन-चार हात, नाहीतर फोम रंग पीत राहतो. धातूची झळाळी हवी असेल तर तिच्याखाली काळा चकचकीत थर द्या. धातुरंगाची चमक खालच्या थराच्या गुळगुळीतपणावर अवलंबून असते. खरखरीत काळ्यावर चांदीरंग राखाडी दिसतो. पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ. स्प्रे बाहेर मोकळ्यावर, सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या काडतुसाच्या मास्कसह. एन९५ धूळ अडवतो, वाफ नाही.

जुनेपणा आणताना वापराचा विचार करा. मुखवट्याची खालची कड, हात लागतो ती जागा, बिजागरीभोवतीची कमान, इथे रंग उडतो. खाचांत काळपट तपकिरी ॲक्रिलिकचा पाणीदार हात देऊन लगेच पुसला की नक्षी उठून येते. सगळीकडे सारखे ओरखडे मारले तर ते खरे वाटत नाहीत.

अस्तर आणि घालून पाहणं

आतून नुसता स्पंज चिकटवण्यापेक्षा कामगारांच्या सेफ्टी हेल्मेटमधला मागच्या चाकाने आवळता येणारा पट्टा बसवा. शिरस्त्राण डोक्यापासून थोडं उचललेलं राहतं, हवा खेळते, आणि मान वळवली की कवच मागे राहत नाही. कपाळाला आणि मागे वेल्क्रोच्या गाद्या, धुता येतील अशा. यंत्रणेवर काळं कापड वेल्क्रोनेच लावा. एकूण वजन सव्वा किलोच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. पुढचा भाग जड वाटला तर मागे थोडं वजन देण्याआधी पुढचं काय कमी करता येईल ते पाहा.

पहिल्यांदा दहा मिनिटं खुर्चीत बसून घाला, पंखे चालू, कोणीतरी सोबत. मग घरात चाला, जिना उतरा, खाली पडलेली वस्तू उचला. मग अर्धा तास. चक्कर, डोकेदुखी किंवा दम लागल्यासारखं वाटलं तर लगेच काढा आणि हवेची वाट मोठी करा. डोळे मिटून, एका हाताने, पाच सेकंदांत शिरस्त्राण काढता येईपर्यंत सराव करा. सोबत येणाऱ्या माणसालाही चुंबक कुठे आहेत आणि मागचा भाग कसा सुटतो ते प्रत्यक्ष करून दाखवा.

बाहेर नेताना पिशवीत एक फ्यूज, जोडणीसह तयार ठेवलेली एक जादा सर्वो, चार चुंबक, लहान पेचकस, काळा टेप, दुहेरी टेप आणि मऊ कापड असू द्या. परत आल्यावर पॉवर बँक सोडवा, गाद्या काढून धुवा आणि शिरस्त्राण मुखवटा उघडा ठेवून, डोक्याच्या आकाराच्या स्टँडवर, उन्हापासून दूर वाळू द्या.